जपानमधली डोंगरउतारावरची भातशेती: सरकार पैसे नेमके कशाचे देतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जपानमध्ये डोंगरात शेती करणाऱ्याला सरकार दरवर्षी पैसे देतं, आणि ते किती भात पिकला हे न विचारता देतं, एवढं सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. ते इथे एका जागी घेतले आहेत. काही दोन ओळींत संपतात, काहींवर जपानमध्येही अजून भांडण चालू आहे.

जपान म्हणजे गाड्या आणि यंत्रमानव. तिथे शेतीला विचारतं कोण?

नुसत्या पैशात मोजलं तर फारसं कुणी नाही. राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा सुमारे एक टक्का. देशाचा दोन तृतीयांश भाग जंगलाखाली, सपाट जमीन मुळातच थोडी आणि त्यातली बरीचशी शहरांनी व कारखान्यांनी घेतलेली. १९६१ साली लागवडीखाली सुमारे ६१ लाख हेक्टर जमीन होती, आता ती ४३ लाखांच्याही आत आली आहे. कॅलरीच्या हिशोबाने जपान आपल्या गरजेच्या ३८ टक्के अन्न स्वतः पिकवतो. १९६५ साली हेच प्रमाण ७३ टक्के होतं. भात खाणंही निम्म्याहून खाली आलं: १९६२ साली माणशी वर्षाला ११८ किलो, आता पन्नासच्या आसपास.

पण एक आकडा वेगळा आहे. देशातली सुमारे ४० टक्के शेतजमीन डोंगराळ आणि डोंगरपायथ्याच्या भागात आहे आणि तिथे राहतात जेमतेम दहा टक्के लोक. म्हणजे वर थोडी म्हातारी माणसं आणि बरीच जमीन, त्याच नद्यांच्या खालच्या अंगाला गजबजलेली शहरं. वरचे बांध कोण सांभाळतं याच्याशी खालच्या शहराचा संबंध येतो तो इथे.

मग पैसे नेमके कशाचे?

१९९९ साली जपानने अन्न, शेती आणि ग्रामीण भागासाठी नवा मूलभूत कायदा केला. १९६१ चा जुना कायदा शेतकऱ्याचं उत्पन्न कारखान्यातल्या कामगाराच्या बरोबरीला कसं येईल हे पाहत होता. नव्या कायद्याने शेतीची धान्याव्यतिरिक्तची कामं नाव घेऊन मांडली: जमीन धरून ठेवणं, पाणी साठवणं, निसर्ग जपणं, गावचा देखावा आणि संस्कृती टिकवणं. पाठोपाठ २००० साली डोंगराळ भागासाठी थेट अनुदान सुरू झालं.

दर असा: भातखाचराचा उतार वीसास एक किंवा त्याहून तीव्र असेल, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट खाली, तर दहा आरला २१,००० येन. दहा आर म्हणजे आपले जवळपास दहा गुंठे, आणि २१,००० येन म्हणजे आजच्या दराने साधारण बारा हजार रुपये. उतार सौम्य असेल तर ८,००० येन. सपाटीच्या तुलनेत डोंगरात जो जास्त खर्च येतो, त्यावरून हे दर ठरवले.

खरी गंमत अटींत आहे. एकट्याने अर्ज करून भागत नाही. वस्तीतल्या शेतकऱ्यांनी मिळून पाच वर्षांचा करार करायचा. समाजमंदिरात नकाशा पसरून बसायचं आणि कोणतं खाचर कोण कसणार, पाटातला गाळ कोणत्या दिवशी काढायचा, आजारी पडलेल्याची जमीन कोण बघणार, रानडुकरांचं कुंपण कुणाच्या बांधावरून जाणार हे कागदावर उतरवायचं. आलेल्या पैशातला मोठा हिस्सा, बऱ्याच ठिकाणी निम्म्याच्या आसपास, गावाच्या सामाईक खात्यात जातो. सुरुवातीला तर अट इतकी कडक होती की पाच वर्षांत एकाने जमीन पडीक टाकली तर सगळ्यांनी आधीचे पैसे परत करायचे. म्हातारे सही करायलाच घाबरू लागले, तेव्हा पुढे ती सैल करावी लागली. असे करार देशभर सुमारे २४ हजार आहेत.

माझ्या मते या सगळ्या योजनेत हुशारीची गोष्ट हीच. रक्कम काही कुणाला श्रीमंत करण्याइतकी नाही. हाऊसिंग सोसायटीच्या देखभाल खर्चासारखी ती आहे, फरक इतकाच की वर्गणी खालच्या शहरातला करदाता भरतो आणि काम वरचा माणूस करतो. पण ती मिळण्यासाठी गावाला वर्षातून काही वेळा एकत्र बसावं लागतं. जिथे बसायला माणसं उरली नाहीत, तिथे पैसा मंजूर असूनही जात नाही.

भातखाचर पूर थोपवतं, हे खरं की कवीकल्पना?

खरं आहे, मर्यादेत. चिखलणी केलेल्या खाचराला चारी बाजूंनी बांध असतो आणि खाली पाणी न झिरपणारा घट्ट थर. जोराचा पाऊस आला की लाखो खाचरं थोडं थोडं पाणी अडवतात आणि सावकाश सोडतात.

निगाता प्रांतात, आताच्या मुराकामी शहराच्या हद्दीतल्या एका गावात, २००२ साली यात एक साधी भर घातली गेली. खाचरातून पाणी बाहेर पडायच्या जागी एक छोटा चौकोनी हौद असतो. त्यात एक फळी बसवायची आणि तिला लहान भोक ठेवायचं. नेहमीच्या पावसात पाणी त्या भोकातून आरामात जातं, शेतकऱ्याला फरकही कळत नाही. ढगफुटीसारखा पाऊस झाला की भोक पुरत नाही, खाचरातली पातळी काही सेंटीमीटर चढते आणि एकदोन दिवसांत हळूहळू उतरते. भाताचं त्याने बिघडत नाही. बांध मात्र तीसेक सेंटीमीटर उंच आणि भक्कम हवा, म्हणून तो आधी डागडुजी करून घ्यावा लागतो. जपानी माणसं याला सरळ ‘भातखाचराचं धरण’ म्हणतात.

यातला पेच बघा. फळी लावतो वरचा शेतकरी, घर वाचतं खालच्या गावातल्या माणसाचं. स्वतःच्या शेताला काहीच फायदा नाही, उलट पावसात जाऊन फळीत काडीकचरा अडकलाय का ते बघायचं. म्हणूनच हे काम आपापल्या मर्जीवर सोडलं की चार जण लावतात, दहा जण लावत नाहीत. निगातामधल्या काही नगरपालिकांनी हौद बदलण्याचा खर्च स्वतः उचलला तेव्हा गाडी पुढे सरकली. आता अशा खाचरांना केंद्र सरकारकडून थोडं जादा अनुदानही मिळतं.

२००१ साली जपानच्या विज्ञान परिषदेने कृषिमंत्र्यांना दिलेल्या अहवालात शेतजमिनीच्या पूरनियंत्रणाची किंमत वर्षाला सुमारे साडेतीन लाख कोटी येन धरली होती. तेवढंच पाणी अडवायला धरणं बांधली असती तर काय खर्च आला असता, असा तो हिशोब. सरकारी पत्रकांत तो अजून छापला जातो. मला त्यावर फार भिस्त ठेवाविशी वाटत नाही, कारण ती सगळी धरणं कुणी खरंच बांधली असती का, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही. भोकाच्या फळीचा हिशोब जास्त पटतो. तो नाल्याच्या पातळीवर मोजता येतो.

जमीन पडीक राहिली तर काय बिघडलं? निसर्ग परत येईलच की.

येतो, पण तुमच्या कल्पनेतला नाही. पहिल्या एकदोन वर्षांत गवत माजतं, मग कुझू नावाचा वेल सगळं झाकून टाकतो. चिखलणी थांबली की खालचा घट्ट थर उन्हात तडकतो, चिचुंद्री जातीचे प्राणी बांधात बिळं करतात, आणि पुढच्या पावसात पाणी वरून वाहण्याऐवजी भेगांतून आत शिरतं. तीव्र उतारावर बांध ढासळायला एवढं पुरतं. एक खाचर कोसळलं की त्याच्या खालच्याचा पाटही जातो, मग खालचा शेतकरी सांभाळत असला तरी त्याला पाणी मिळत नाही.

दुसरी गोष्ट जनावरांची. गाव आणि जंगल यांच्यामध्ये मोकळी शेतं असली की प्राणी बिचकतात. ती झाडोऱ्याने भरली की रानडुक्कर, हरीण, माकड थेट परसात येतात. पिकांचं असं नुकसान वर्षाला पंधरा अब्ज येनच्या वर आहे. अलीकडे त्यात अस्वलांची भर पडली. उत्तरेकडच्या अकितासारख्या प्रांतात रिकाम्या घरांच्या अंगणातली ‘काकी’ची फळं कुणी उतरवत नाही, त्यांच्या वासाने अस्वलं वस्तीत येतात. २०२३ या एका वर्षात देशभरात दोनशेहून जास्त माणसांवर हल्ले झाले. जुन्नर-आंबेगावकडच्या उसातल्या बिबट्यांच्या बातम्या वाचणाऱ्याला हे चित्र ओळखीचं वाटेल, कारणं मात्र उलटी आहेत: जुन्नरकडे शेती वाढली म्हणून जनावर लपलं, जपानात शेती सुटली म्हणून ते पुढे आलं.

आणि पाण्यातले जीव. ‘मेदाका’ हा करंगळीएवढाही नसलेला मासा एकेकाळी प्रत्येक पाटात असायचा, जपानी मुलांच्या बडबडगीतांतला. १९९९ साली तो धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत गेला. काँक्रीटचे पाट, कीटकनाशकं आणि पडीक खाचरं, तिन्हींनी हातभार लावला.

पक्ष्यासाठी भात पिकवतात म्हणे?

सादो बेटावर, हो. तोकी हा गुलाबी पंखांचा, लाल चेहऱ्याचा पक्षी. शास्त्रीय नावातच दोनदा ‘निप्पोन’, म्हणजे जपान, आणि देशातून मात्र नामशेष. १९८१ साली उरलेसुरले रानटी पक्षी पिंजऱ्यात घेतले, आणि जपानात जन्मलेला शेवटचा तोकी २००३ साली गेला. चीनने १९९९ साली जोडी भेट दिली होती, तिच्यापासून पैदास वाढवून २००८ पासून पक्षी सादोवर सोडायला सुरुवात झाली. आज मोकळ्यावर पाचशेच्या वर आहेत.

पण सोडलेला पक्षी खाणार काय? तो खाचरात उभा राहून चिखलातले मासे, बेडूक, किडे टिपतो. म्हणून शेतकऱ्यांनी खत-औषधं निम्म्यावर आणली, हिवाळ्यात खाचरात पाणी ठेवलं, आणि खाचराच्या कडेने एक खोल चर खणला. भात पोटरीत यायच्या आधी खाचरातलं पाणी काही दिवस काढावं लागतं, तेव्हा मासे त्या चरात जाऊन जगतात. अशा शेतातल्या तांदळाला बेटाच्या नगरपालिकेचा शिक्का मिळतो आणि तो चढ्या दराने जातो. चराने जागा खाल्ली, तण वाढलं, त्याची भरपाई या दरातून.

ह्योगो प्रांतातल्या तोयोओकाने हेच करकोच्यासाठी केलं. रानातला शेवटचा करकोचा तिथे १९७१ साली मेला होता, २००५ पासून पुन्हा सोडले.

शेतीचं सामाजिक मूल्य बाजारात आणता येतं याची ही दोन चांगली उदाहरणं. मात्र प्रत्येक गावाला असा देखणा पक्षी मिळत नाही. बेडकाच्या नावाने तांदूळ विकून बघा.

शेतात राबतं कोण?

मुख्यत्वे आजीआजोबा. शेती हाच प्रमुख व्यवसाय असलेल्यांची संख्या २००० साली २४ लाख होती, २०२४ साली ११ लाख. त्या साली सरासरी वय ६९ च्या पुढे.

याचं मूळ युद्धानंतरच्या जमीनसुधारणेत आहे. १९४६ च्या कायद्यानंतर जमीनदारांची जमीन सरकारने घेऊन कुळांना विकली, काही वर्षांत कुळांकडची जमीन ४६ टक्क्यांवरून दहाच्या आसपास आली. न्याय झाला, पण तुकडे लहान राहिले. पुढे कारखाने गावांच्या जवळ आले. मुलगा आठवडाभर नोकरी करून शनिवार-रविवारी लावणी करू लागला. दोन उत्पन्नांमुळे जमीन विकायची गरज पडली नाही आणि मोठा शेतकरीही तयार झाला नाही. ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे आणि तिची मुलं शनिवारीही येत नाहीत.

डोंगरात सगळ्यात जिकिरीचं काम कोणतं, असं विचारलं तर लावणी किंवा कापणी कुणी म्हणणार नाही, त्यांना यंत्रं आहेत. उत्तर येतं: बांधाचं गवत. उंच उतारांच्या बांधांवर उभं राहून, खांद्याला ब्रश कटर अडकवून, हंगामात चार-पाच वेळा गवत कापावं लागतं. पाय घसरला तर पाते अंगावर. खाचर जितकं अरुंद तितका बांधाचा वाटा मोठा, म्हणजे पीक कमी आणि गवत जास्त. जमीन सोडायचं ठरतं ते बहुतेक वेळा याच कामापाशी.

तोडगा म्हणून अनेक वस्त्यांनी सामाईक शेती सुरू केली आहे, गावाची मिळून एक संस्था, घरटी ट्रॅक्टरऐवजी दोनतीन. एकमेकांच्या शेतावर जायची ‘युई’ नावाची जुनी रीत होती, आपल्या सावडीसारखी, तिचंच हे नोंदणीकृत रूप म्हणता येईल. भाजीपाल्याच्या पट्ट्यांत मात्र व्हिएतनाम, इंडोनेशियासारख्या देशांतले प्रशिक्षणार्थी मजूर राबतात. ‘प्रशिक्षण’ या शब्दाआड स्वस्त मजुरी, अशी टीका इतकी झाली की तो कार्यक्रम गुंडाळून नवा आणायचा कायदा २०२४ मध्ये झाला.

तरुण माणसं गावात येतात का?

थोडी येतात. २००९ पासून सरकारचा एक कार्यक्रम आहे: शहरातल्या माणसाने जास्तीत जास्त तीन वर्षं खेड्यात राहायला जायचं, नगरपालिका मानधन देते, काम गावाने ठरवायचं. पहिल्या वर्षी ८९ जण गेले, आता एका वेळी सात हजारांच्या वर असतात. मुदत संपल्यावर निम्म्याहून जास्त लोक त्याच भागात राहतात असं सरकारी पाहणी सांगते. हे बहुतेक शेतकरी होत नाहीत. कुणी कॅफे काढतं, कुणी जुनं घर दुरुस्त करून पाहुणे ठेवतं. गावाने काम नीट ठरवलं नाही तर तीन वर्षं नगरपालिकेच्या कार्यालयात फोटोकॉपी काढण्यात जातात, आणि माणूस चिडून परततो.

दोन गावांबद्दल जरा सविस्तर. शिकोकू बेटावरचं कामिकात्सु संत्र्यांवर जगत होतं. फेब्रुवारी १९८१ च्या थंडीने बागा मारल्या. १९८६ पासून तिथल्या वयस्क बायका पानं विकू लागल्या: मेपलची, नांदिनाची, फुलांच्या डहाळ्या, जपानी उपाहारगृहांत ताटाच्या सजावटीला लागणाऱ्या. ऑर्डर पडद्यावर दिसते, जिने आधी बोट ठेवलं तिची. सत्तरीच्या बायका सकाळी टॅबलेट घेऊन बसतात. पानं हलकी असतात, हे फार महत्त्वाचं. भाताची पोती उचलायची ताकद गेली तरी हा धंदा जमतो. गावाची लोकसंख्या तरीही घटतेच आहे. पण म्हातारपणात हातात स्वतःचा पैसा असणं याची किंमत जननदराच्या तक्त्यात दिसत नाही.

दुसरं, जपानच्या समुद्रातल्या ओकी बेटांपैकी एकावरचं आमा. तिथे वाचवली ती शाळा. उच्च माध्यमिक शाळा बंद पडायला आली होती. ती गेली असती तर प्रत्येक कुटुंबाने मूल पंधरा वर्षांचं झाल्यावर बेट सोडलं असतं. गावाने बाहेरच्या मुलांना वसतिगृहात बोलावलं, संध्याकाळची अभ्यासिका काढली, आणि पटसंख्या नव्वदीच्या आतून जवळपास दुप्पट झाली. जपानात २००२ पासूनच्या दोन दशकांत आठ हजारांहून जास्त सरकारी शाळा बंद झाल्या आहेत. ग्रामविकासाचा अर्धा प्रश्न शेताच्या बाहेर असतो, तो असा.

‘फुरुसातो नोझेई’ म्हणजे काय?

‘मूळगावाचा कर’. २००८ साली सुरू झाला. शहरातला माणूस आपल्या आवडीच्या कोणत्याही नगरपालिकेला देणगी देतो आणि २,००० येन वगळता उरलेली रक्कम, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, त्याच्या करातून वजा होते. कल्पना भावनिक होती: ज्या गावाने तुम्हाला वाढवलं, शिकवलं, त्याला कमावत्या वयात काहीतरी परत द्या.

मग परतभेटी सुरू झाल्या. देणगीच्या बदल्यात बीफ, खेकडे, तांदूळ. संकेतस्थळांवर लोक गावं निवडायचं सोडून मांस निवडू लागले. २०१९ मध्ये भेटीची किंमत देणगीच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम करावा लागला. २०२३-२४ मध्ये एकूण देणग्या १.१ लाख कोटी येनच्या वर गेल्या. सर्वात जास्त कर गमावणारं शहर योकोहामा. ज्या गावाकडे चांगलं मांस आहे ते मालामाल, शेजारच्या गावाकडे फक्त बांध आणि गवत, ते कोरडं. हा ग्रामविकास कमी आणि सवलतीची खरेदी जास्त झाली आहे असं म्हणणाऱ्यांत मीही आहे.

हे सगळं म्हणजे स्वस्त आयात रोखायचं गोड निमित्त नाही का?

बऱ्याच अंशी होतंच. १९९० च्या दशकात जागतिक व्यापार वाटाघाटींत तांदळाची बाजारपेठ उघडा असा दबाव आला, तेव्हा शेतीच्या ‘बहुविध कामां’चा मुद्दा जपान, नॉर्वे, स्वित्झर्लंड, दक्षिण कोरिया यांनी एका सुरात लावून धरला. ठरलेल्या कोट्याबाहेरच्या तांदळावर जपान किलोला ३४१ येन शुल्क लावतो. त्याशिवाय १९७० पासून २०१८ पर्यंत सरकारने भाताची लागवड कमी ठेवायला शेतकऱ्यांना पैसे दिले, म्हणजे भाव पडू नये. खाचर पूर अडवतं म्हणून जपा आणि त्याच खाचरात भात लावू नका म्हणून पैसे घ्या, या दोन गोष्टी एकत्र नांदवायला बराच सरकारी कागद लागला.

त्याची किंमत २०२४-२५ मध्ये दिसली. आधीच्या उन्हाळ्यातल्या उष्म्याने तांदळाचा दर्जा घसरला होता, त्यात ऑगस्ट २०२४ मध्ये मोठ्या भूकंपाचा इशारा आला आणि लोकांनी पोती घरात भरली. उत्पादन मागणीपुरतंच बेतलेलं, त्यामुळे धक्का पचवायला जागाच नव्हती. पाच किलोच्या पिशवीचा भाव वर्षभरात साधारण दुप्पट होऊन ४,२०० येनच्या वर गेला. सरकारने आणीबाणीसाठीचा साठा बाजारात आणला, स्वस्त पिशव्यांसाठी रांगा लागल्या. त्यातच कृषिमंत्री ताकू एतो म्हणाले की मला तांदूळ विकत घ्यावा लागत नाही, समर्थकच आणून देतात. मे २०२५ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला.

तरीही मी डोंगरातल्या थेट अनुदानाला आयातशुल्काच्या पारड्यात टाकणार नाही. शुल्काचा भार गरीब ग्राहक भात खाताना भरतो आणि लाभ सपाटीवरच्या मोठ्या शेतकऱ्यालाही होतो. थेट अनुदान करातून जातं, उतार मोजून जातं आणि ठरलेल्या कामासाठी जातं.

मग गावं वाचली का?

जमीन काही प्रमाणात वाचली, गावं फारशी नाहीत. ज्या वस्तीत निम्म्याहून जास्त लोक ६५ च्या वर आहेत आणि सामाईक कामं होईनाशी झाली आहेत, तिला जपानी समाजशास्त्रज्ञ आकिरा ओनो यांनी १९९० च्या सुमारास ‘सीमेवरची वस्ती’ असं नाव दिलं. २०१४ मध्ये एका तज्ज्ञगटाने जाहीर केलं की तरुण स्त्रियांची संख्या पाहता ८९६ नगरपालिका पुढे टिकणं कठीण. २०२४ च्या यादीत ७४४ नावं होती. आकडा घटला त्याचं मुख्य कारण परदेशातून येणाऱ्यांची वाढलेली संख्या, बाळंतपणं नव्हेत.

१ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथल्या वाजिमा शहराजवळ समुद्रात उतरणारी शिरोयोने सेनमाइदा ही १,००४ चिमुकली खाचरं आहेत, जागतिक कृषीवारशात २०११ साली गेलेली. भूकंपाने बहुतेकांना भेगा पडल्या. मे महिन्यात जेमतेम १२० खाचरांत लावणी झाली, आणि सप्टेंबरच्या अतिवृष्टीने पुन्हा मोडतोड केली. याच सुमाराला उघड चर्चा सुरू झाली: निम्मे रहिवासी म्हातारे असलेल्या दुर्गम वस्त्यांचे रस्ते, नळ पुन्हा बांधायचे, की लोकांना खाली एकत्र वसवायचं? नोतोच्या लोकांना ती क्रूर वाटली. मला वाटतं प्रश्न विचारण्यात चूक नव्हती, वेळेत होती. ढिगाऱ्याखालून माणसं निघत असताना हिशोबाची वही काढायची नसते. काही वस्त्या मिटणारच आहेत. त्यांची शेतं पडीक पडू देण्यापेक्षा आधीच ठरवून झाडं लावणं किंवा चराईला देणं जास्त शहाणपणाचं, असं म्हणणारे जपानी अभ्यासक आहेत आणि त्यांचं ऐकलं जाणं गरजेचं आहे.

फक्त जपानच असं करतो का?

नाही. युरोपीय समुदायाने डोंगराळ भागासाठी खास भरपाई १९७५ पासूनच सुरू केली. स्वित्झर्लंडने १९९६ साली जनमत घेऊन शेतीची ही कामं राज्यघटनेतच घातली. उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणांवर नेली तर तिथे त्याचेही पैसे मिळतात.

सातबाऱ्यावर वीस नावं, हा घोळ तिकडेही आहे?

आहे. वारसांनी नोंदच न केल्यामुळे मालक सापडत नाही अशी जमीन तिथे इतकी वाढली की एप्रिल २०२४ पासून वारसनोंद सक्तीची झाली. तीन वर्षांत केली नाही तर एक लाख येनपर्यंत दंड. शेजाऱ्याला कसायला द्यायची म्हटलं तरी सही कुणाची घ्यायची, हा प्रश्न तिथल्या वस्तीबैठकांत नेहमीचा.

कोकणात किंवा गोव्यात हे चालेल का?

चित्र सारखं दिसतं खरं: बंद घरं, गणपतीला येणारे चाकरमानी, गवत माजलेले मळे, वानर आणि डुकरांचा उच्छाद. भीमाशंकरच्या डोंगरात पडकई करून, म्हणजे गावाने मिळून उतार फोडून, खाचरं काढायची परंपरा आहे. गोव्यातली खाजन शेती तर जपानी कराराच्या फार जवळची. खाडीचे बांध आणि भरती-ओहोटीचं पाणी सोडणारी-अडवणारी झडप, म्हणजे ‘मानस’, हे सगळं गावकरी, म्हणजे ‘कोमुनिदाद’ ही गावसंस्था, मिळून सांभाळत. १९६० च्या दशकातल्या कूळकायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. अनेक ठिकाणी बांध कुणाचेच राहिले नाहीत आणि खारं पाणी आत शिरलं. खाजनांचा बांध घरं आणि विहिरीही वाचवतो, तेव्हा त्याचा खर्च फक्त भात लावणाऱ्याने का करायचा, हा प्रश्न तिथे अगदी जपानी पद्धतीने विचारता येईल.

पण दोन ठिकाणी सांभाळून. भोकाच्या फळीने चिपळूणचा जुलै २०२१ चा पूर अडला असता असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कोकणातल्या जुलैत खाचरं आधीच भरलेली असतात आणि पाऊस त्या फळीच्या आवाक्याबाहेरचा असतो. आणि दहा गुंठ्यांना बारा हजार रुपये देणारी तिजोरी आपल्याकडे नाही. घेण्यासारखा आहे तो कराराचा साचा: पैसे व्यक्तीच्या खात्यात टाकताना त्यातला हिस्सा वाडीच्या सामाईक कामाला बांधणं. आपल्याकडची अनुदानं सातबारा बघून माणसाला जातात, वाडीला एकत्र बसायचं कारण देत नाहीत.

जपानला जाणार आहे. हे कुठे बघता येईल?

सादोला निगाता बंदरातून फेरी जाते, अडीच तास. तोकी बघायचे तर पहाटे, आणि गाडीतून न उतरता. तोयोओकात करकोच्यांचं उद्यान आहे. निगाताच्याच तोकामाची भागात दर तीन वर्षांनी उन्हाळ्यात खाचरांमध्ये आणि बंद शाळांमध्ये कलामहोत्सव भरतो, २००० पासून. सेनमाइदाला जायचं असेल तर नोतोतल्या रस्त्यांची स्थिती आधी विचारून घ्या. फोटोसाठी बांधावर चढू नका. पावलाने कड खचते, आणि ती लिंपायला कुणीतरी सत्तरीचा माणूस गुडघ्यावर बसणार असतो.